दुकानातला गुरू : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

महाराष्ट्रात चरित्रग्रंथांची उणीव आहे असे कोणी म्हणणार नाही. संत, सेनापती, मुत्सद्दी, पंडित, नाटककार, वक्ते या सर्वांची चरित्रे आपल्या घरांतील कपाटांत शेजारी शेजारी उभी आहेत. परंतु बिघडलेले यंत्र उघडून पाहणारा, त्यातील दोष हुडकणारा, आणि तो कसा काढावा हे जवळ उभ्या असलेल्या पोरास दाखविणारा जो मनुष्य प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो, त्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. त्याची कीर्ती वेशीबाहेर जात नाही. आणि तो गेला म्हणजे त्याची विद्या चार-दोन शागिर्दांच्या बोटांत काय उरेल तेवढी उरते. या वर्गातील एका पुरुषाचे आयुष्य मात्र सुदैवाने नीट नमूद झालेले आहे. ते पुरुष म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) होत. त्यांचे नाव पंपांवर आणि एंजिनांवर वाचावयाची आपणांस इतकी सवय झाली आहे की, ते एका तांत्रिक शाळेत दुय्यम शिक्षक होते व पुढे बेळगावात पायगाड्यांचे दुकान चालवीत होते, ही गोष्ट कथेतील एक मौजेचा आरंभ म्हणून सांगून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखकास असे वाटते की, शिक्षक आणि दुरुस्तीकार ही जी दोन कामे त्यांनी तरुणपणी केली, तीच त्यांनी जन्मभर केली. आणि त्यांच्या उद्योगाचे मर्म पाहावयाचे तर ते तेथेच पाहावे लागते.

हे मर्म समजण्यासाठी त्या काळी यंत्रविद्येची स्थिती काय होती ते थोडक्यात पाहिले पाहिजे, व त्यासाठी पुण्याइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही. १८५४ साली पुण्यात ‘पूना एंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाची शाळा निघाली. रस्ते, पूल, कालवे इत्यादी सरकारी बांधकामांवर हाताखालचे अंमलदार हवे होते, ते तयार करणे हा तिचा हेतू. नावातील एक शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो ‘मेकॅनिकल’ असा आहे. पुढे तिचे कॉलेज झाले, मुंबई विद्यापीठाशी तिचा संबंध जोडला गेला, आणि विश्वेश्वरय्यांसारखे थोर स्थापत्यशास्त्रज्ञ १८८३ साली येथून बाहेर पडले. हा उत्कर्ष अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु पदवीची प्रतिष्ठा जसजशी वाढत गेली, तसतसे सुशिक्षित घरांचे लक्ष त्या पदवीकडे व तिच्यामागून येणाऱ्या सरकारी हुद्द्याकडे लागले. हातोडा आणि कानस ही मात्र ‘दुसऱ्या कोणाची तरी’ कामे ठरली.

हे दुसरे कोण, तेही याच शहरात होते. कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेवर ठोके पडत आले आहेत. लोहार, सुतार, ओतारी, तांबट यांच्या घरी बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या उच्च प्रतीची होती. मात्र ती कागदावर उतरलेली नव्हती. एका बाजूस कागद जाणणारा पण धातूस हात न लावणारा वर्ग, आणि दुसऱ्या बाजूस धातूचे मन जाणणारा पण कागदापासून दूर ठेवलेला वर्ग, अशी ही फाळणी होती. जातिभेदाने ती पूर्वीच पाडली होती. नव्या शाळांनी ती बुजविली नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या द्रष्ट्यांस ही उणीव दिसत होती. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. त्याच सुमारास रे यांच्या नावाचे औद्योगिक संग्रहालयही येथे स्थापन झाले. प्रबंध वाचले गेले, नमुने मांडले गेले, आणि देशी उद्योगधंद्यांविषयी सुशिक्षितांत आस्था उत्पन्न झाली. मात्र प्रबंध वाचणाऱ्याने लेथवर उभे राहावे, असा प्रसंग क्वचितच आला.

अशा काळात, २० जून १८६९ रोजी, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी लक्ष्मणरावांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणते. मुलाचे लक्ष पुस्तकापेक्षा चित्रांकडे व यंत्रांकडे अधिक, ही गोष्ट अशा घरात समाधानाची असणे शक्यच नव्हते. तथापि वडीलबंधू रामुअण्णा यांचा आधार मिळाला, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाले. तेथे सुमारे दोन वर्षांनी असे आढळून आले की, त्यांच्या डोळ्यांस काही रंगांमधील भेदच कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणास याहून मोठा आघात कोणता? परंतु त्यांनी रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांची रेखाकृती काढण्यास रंगांची गरज लागत नाही. तेथे माप आणि प्रमाण यांचाच व्यवहार असतो. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ही विद्या आत्मसात केली व तेथेच ते यांत्रिक रेखनाचे साहाय्यक शिक्षक झाले.

यांत्रिक रेखन म्हणजे काय, हे येथे सांगणे अवश्य आहे. कारण पुढील सर्व कथा त्यावर उभी आहे. एखादी वस्तू समोरून, वरून व बाजूने पाहिली असता कशी दिसेल, आणि मध्येच कापली तर आत काय दिसेल, हे ठराविक प्रमाणात कागदावर उतरविणे ही एक स्वतंत्र भाषाच आहे. ती ज्यास येते त्यास न पाहिलेली वस्तू घडविता येते, आणि घडविलेली वस्तू न पाहिलेल्या मनुष्यास कळविता येते. लक्ष्मणराव ही भाषा वर्गात शिकवीत आणि रिकाम्या वेळी संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन यंत्रांवर स्वतः काम करीत. शिक्षकाने कर्मशाळेत हात काळे करावे हे त्याच्या नेमणुकीत मुळीच लिहिलेले नव्हते. म्हणूनच ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच मुंबईत त्यांनी पहिल्याने पायगाडी पाहिली. दोन सारख्या चाकांची व मागील चाकास साखळीने फिरविणारी ‘रोव्हर’ पायगाडी इंग्लंडात १८८५ साली निघाली होती, आणि डनलॉपची हवा भरलेली धाव १८८८ साली आली. अगदी नव्या जातीचे हे वाहन होते. लक्ष्मणराव मुंबईहून पायगाड्या विकत घेऊन बेळगावास धाडीत. तेथे रामुअण्णा त्या विकीत आणि १५ रुपये घेऊन लोकांस चालविण्यास शिकवीत. १८८८ हे वर्ष किर्लोस्कर घराण्याच्या उद्योगाचा आरंभ म्हणून गणले जाते. म्हणजे या घराण्याने जो पहिला माल विकला त्याबरोबर शिकवणीही विकली, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे सूचक आहे.

पुढे शाळेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलण्यात आले. परक्यांच्या राज्यात अशा गोष्टी नित्याच्या होत्या, आणि बहुतेक लोक त्या गिळून निवृत्तिवेतनाची वाट पाहत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास दुकानात आले. त्या काळी शिक्षकाची कायम जागा सोडून पायगाड्यांच्या दुकानात बसणे म्हणजे आप्तेष्टांच्या दृष्टीने काय असेल, याची कल्पना करण्यास वाचकांस प्रयास पडू नयेत. आजही अशा बातमीने घरोघर काळजी उत्पन्न होते.

पण पायगाडीचे दुकान ही यंत्रविद्येची किती उत्तम शाळा आहे, हे जगाच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे कळते. अमेरिकेतील डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ साली असेच दुकान काढले, आणि त्याच दुकानाच्या मिळकतीवर व हत्यारांवर पुढे विमान घडले. ऑक्सफर्डचा विल्यम मॉरिस पायगाड्या दुरुस्त करीत करीत मोटारींचा कारखानदार झाला. बोहेमियात १८९५ साली लाउरिन आणि क्लेमेंट या दोघांनी पायगाड्यांची दुरुस्ती व घडण सुरू केली. तिचाच वंश स्कोडा या नावाने पुढे चालला, आणि पुण्याजवळच्या चाकणपर्यंत येऊन पोचला. हा योगायोग नाही. मोटारीत जे काही असते त्यातील बरेचसे पायगाडीत उघडे दिसते: पोलादी छर्ऱ्यांवर फिरणारा आस, दातेरी चक्र व साखळी, आटे, ताण दिलेल्या तारांवर तोललेले हलके चाक. दुरुस्तीकाराच्या हाती वस्तू मोडून येते; ती का मोडली हे त्यास कळावेच लागते. बनविणाऱ्यास आपल्या कृतीचा अभिमान असतो, विकणाऱ्यास तिच्या गुणांची माहिती असते, परंतु तिचे दोष दुरुस्तीकारालाच ठाऊक असतात.

बेळगावच्या या दुकानातून प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर निघाला. आपल्याकडील लाकडी नांगर जमीन फोडतो, पण तिची कूस बदलीत नाही. लोखंडी नांगराचा वळलेला पंखा मातीचा थर उलथून खालची बाजू वर आणतो. त्यामुळे काळ्या जमिनीत खोल रुतलेल्या हरळी-कुंद्यासारख्या तणांची मुळे उन्हास लागून मरतात. फायदा असा उघड असतानाही शेतकरी नांगर घेईनात. लोखंडाने जमिनीस विष बाधते, असे लोक म्हणत. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ही हकीकत सांगताना आपल्या शेतकऱ्याच्या अज्ञानास हसण्याची पद्धत आहे. परंतु अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही अक्षरशः हाच आक्षेप घेतला होता. ज्याचे वर्षाचे अन्न एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने नव्या अवजाराविषयी साशंक असणे हे शहाणपणाचेच लक्षण म्हटले पाहिजे. शेतकऱ्यास व्याख्यानाने पटत नाही. नांगरलेला पट्टा आणि न नांगरलेला पट्टा शेजारी शेजारी पाहून पटते. येथेही विक्रेत्याचे काम शिक्षकाचेच होते.

नांगर घडविण्यात तर शिक्षणाचा प्रश्न अधिकच बिकट होता. ओतीव लोखंड थिजताना आकसते, दर फुटास सुमारे १/८ इंच. म्हणून सुताराने जो लाकडी नमुना करावयाचा तो तितका मोठा करावा लागतो. ओताऱ्याने त्यावरून वाळूचा साचा घ्यावयाचा. आणि थंड झालेला भाग इतर भागांशी तंतोतंत बसला पाहिजे. गावचा लोहार प्रत्येक अवजार त्याच्या त्याच्यापुरते जुळवून देतो. परंतु पन्नास कोसांवरच्या शेतकऱ्याचा फाळ झिजला असता कारखान्यातून नवा फाळ गेला पाहिजे, आणि तो कोणाही परक्या हाताने बसविला तरी बसला पाहिजे. सुट्या भागांचे हे महत्त्व पायगाडीचे दुकान चालविलेल्या मनुष्यास जसे कळेल तसे कोणास कळणार? यासाठी सुतार, ओतारी आणि जुळारी या तिघांनी एकच रेखाकृती वाचली पाहिजे. ज्या भाषेचे वर्ग मुंबईत परीक्षेसाठी चालत, ती भाषा लक्ष्मणरावांनी अशा रीतीने कारागिरांच्या व्यवहारात आणली. कागद आणि धातू यांची जी फाळणी वर सांगितली, ती या लहानशा ओतशाळेत काही अंशी तरी मिटली.

बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्यास ती जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. (हे औंध सातारा भागातील संस्थान, पुण्यानजीकचे औंध निराळे.) बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, रंग हरपलेल्या या रेखाकाराची योग्यता त्यांस पटली. कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. १० मार्च १९१० रोजी, निवडुंग आणि साप यांच्या त्या माळावर, सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे यांसह लक्ष्मणराव आले आणि किर्लोस्करवाडी वसली.

तेथे जमलेली माणसे पाहिली म्हणजे हा कारखाना होता की शाळा, असा प्रश्न पडतो. शंभोराव जांभेकर यंत्रांचे जादूगार म्हणून ओळखले गेले. अनंतराव फळणीकर यांनी शिक्षण अर्धवट सोडलेले. ते कल्पक एंजिनियर ठरले. के. के. कुलकर्णी यांना परीक्षांत यश आले नव्हते. त्यांच्या सचोटीवर विसंबून त्यांस व्यवस्थापक केले. मंगेशराव रेगे यांनी कारकुनी आणि हिशेब दोन्ही सांभाळले. वस्तीची आखणी व व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या दोघांकडे वसाहतीची राखण सोपविली, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. नेहमीच्या शाळेने ज्यांस नापास ठरविले, समाजाने ज्यांस गुन्हेगार ठरविले, अशांकडून नेमके कोणते काम होईल हे ओळखणे यालाच अध्यापन म्हणतात. मोडलेल्या वस्तूचा कोणता भाग शाबूत आहे हे पाहण्याची दुरुस्तीकाराची नजर लक्ष्मणरावांनी माणसांकडेही लावली, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक गोष्ट निर्भीडपणे सांगितली पाहिजे. या यशात केवळ व्यक्तिगुणांचा वाटा नव्हता. स्वदेशीची चळवळ १९०५ पासून जोरात होती. आगगाडीचे स्टेशन दाराशी होते. संस्थानिकाचे पाठबळ होते. शिवाय लक्ष्मणरावांस मुंबईचे शिक्षण, सुशिक्षित बंधू आणि दरबारी प्रवेश या सोयी लाभल्या. त्यांच्याइतकेच कसबी कित्येक लोहार-सुतार त्या काळी खेड्यापाड्यांत असतील. त्यांस कर्ज कोणी दिले नाही, आणि त्यांची चरित्रेही कोणी लिहिली नाहीत. पंडिताच्या मुलाने भाता फुंकला म्हणजे ते धैर्य ठरते, लोहाराच्या मुलाने फुंकला म्हणजे ती त्याची जात ठरते. हा अन्याय लक्ष्मणरावांनी निर्माण केलेला नव्हता. पण त्यांचा गौरव करताना आपण तो विसरलो, तर त्यांच्यापासून काहीच शिकलो नाही असे होईल.

पुढील विस्तार सर्वश्रुत आहे, म्हणून तो संक्षेपाने सांगतो. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या त्या पत्राचे पुढे मराठीतील एक नामांकित मासिक झाले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात संस्थेतून १९२६ साली यंत्रशास्त्राचे पदवीधर होऊन आले. १९४१ साली हरिहर येथे लेथ घडविण्याचा कारखाना निघाला, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली. बेळगावचे दुकान अशा रीतीने अर्धशतकानंतर पुण्यास पोचले. १९६० नंतर आकुर्डी-पिंपरीच्या बाजूस मोटारींचे व दुचाकींचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि ज्या पुण्याची ख्याती ग्रंथ, व्याख्याने आणि पायगाड्या यांसाठी होती, ते यंत्रांचे शहर झाले.

शहर बदलले, परंतु घराघरातील विचार बदलला काय? १९५० साली सरकारने कारागीर-शिक्षणाची योजना सुरू केली, तीतून गावोगाव औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ साली उमेदवारीचा कायदा झाला. मार्ग खुले झाले. पण आपल्या मध्यम वर्गात अजूनही या संस्थांचे नाव निघते ते बहुधा मुलास गुण कमी पडले तेव्हा, आणि तेही खालच्या आवाजात. त्याच घरातील मोटार बंद पडली म्हणजे मात्र ज्याने ती विद्या घेतली त्याच्या दारी आपण अदबीने उभे राहतो. गरज पडली की आदर, आणि मुलाच्या भवितव्याचा प्रश्न निघाला की अनादर, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे.

उलट दिशेने चालणारे लोक थोडे असले तरी आहेत. तळेगावास पैसा फंडाने १९०८ साली काचकारखाना काढला तो माल विकण्याबरोबरच माणसे शिकविण्यासाठीही. अलीकडच्या काळात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी एका बड्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे ‘विज्ञान आश्रम’ स्थापिला. शाळेत न टिकलेली मुले तेथे सांधकाम, बांधकाम, वीजकाम, शेती अशी कामे करीत त्यांतील शास्त्र शिकली. जुन्या जीपचे भाग वापरून लहानसा ट्रॅक्टर घडविण्यापर्यंत त्यांची मजल गेली. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. आश्रमाचे काम त्यांच्यामागे चालू राहिले. पीएच. डी. झालेला शास्त्रज्ञ आणि गावातील शाळा सुटलेला मुलगा एकाच यंत्रावर वाकलेले असावेत, हे दृश्य बेळगावच्या ओतशाळेच्याच कुळातले आहे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी दिवंगत झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. उद्योगपती म्हणून हा सन्मान योग्यच होता. परंतु उद्योगपती प्रत्येकास होता येत नाही, आणि होण्याचे कारणही नाही. प्रत्येक गावास हवा असतो तो त्यांच्यातला दुसरा मनुष्य: जो कागद वाचतो आणि धातूसही हात लावतो, जो मोडलेले उघडून पाहतो, आणि पाहिलेले शेजारच्यास दाखविल्याशिवाय राहत नाही. असा मनुष्य आपल्या गल्लीत आजही असेल. त्याचे चरित्र लिहिणे कदाचित आपल्या हातून होणार नाही. पण आपला मुलगा किंवा मुलगी त्याच्या दुकानाशी घुटमळू लागली, तर तिला हाक मारून परत बोलावू नये, एवढे तरी आपणांस निश्चित करता येईल.